चंद्राचे अंतर आणि भूपृष्ठाची भरती

कुंडलिकेच्या काठी वसलेले जुना जालना समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. भरती, ओहोटी, उधाण हे शब्द तेथे परिचित आहेत ते भाषेमुळे, अनुभवामुळे नव्हे. मराठवाड्यात उधाण येते ते बहुधा आनंदालाच. तथापि चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राप्रमाणेच कठीण भूपृष्ठही चढते व उतरते, आणि जालन्याची भूमी यास अपवाद नाही. या गावाचा अक्षांश सुमारे १९.८ अंश उत्तर आहे. चंद्राची उत्तर क्रांती जेव्हा इतकी होते, तेव्हा तो तेथे खस्वस्तिकाजवळून जातो. त्या वेळी केवळ चंद्रामुळे तेथील जमीन सुमारे २२ सें. मी. वर आलेली असते. तोच चंद्र क्षितिजावर असता ती सुमारे ११ सें. मी. खाली गेलेली असते. घरे, रस्ते आणि नदीचे पात्र ही सर्व एकदमच हलत असल्यामुळे कोणास याची जाणीव होत नाही. भरती या शब्दात ‘भरणे’ अभिप्रेत आहे, आणि येथे तर काहीच भरत नाही. परंतु अधिक समर्पक शब्द रूढ होईपर्यंत ‘भूभरती’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

ही हालचाल प्रत्यक्ष अडचण होऊन पुढे येते ती चंद्राचे अंतर लेसर किरणांनी मोजताना. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर पहिला परावर्तक ठेवला. १९७१ मध्ये अपोलो १४ व १५ यांनी आणखी दोन ठेवले, आणि रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवरही तसे परावर्तक होते. पृथ्वीवरून सोडलेला प्रकाशाचा स्पंद तेथून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो. त्या काळावरून अंतर निघते, आणि न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट येथे हे मापन मिलिमीटरच्या सूक्ष्मतेपर्यंत नेण्यात आले आहे. जेथे मिलिमीटरचा हिशोब ठेवावयाचा, तेथे दुर्बिणीखालची जमीनच वीतभर हलते हे विसरून कसे चालेल?

यासाठी जे गणिती प्रतिमान वापरतात त्याचा पाया साधा आहे. आकर्षक पिंडाचे वस्तुमान व अंतर यांवरून भरतीकारक प्रेरणा काढता येते. पृथ्वी त्या प्रेरणेस किती दाद देते हे काही अंकांनी व्यक्त होते. ऑगस्टस लव्ह या गणितज्ञाने १९०९ साली ही कल्पना मांडली, म्हणून त्यांस लव्ह अंक म्हणतात. उभ्या विस्थापनाचा अंक सुमारे ०.६ आहे. याचा अर्थ असा की, संपूर्ण द्रवरूप थर जितका उचलला गेला असता त्याच्या सुमारे तीनपंचमांश भूपृष्ठ उचलले जाते. समुद्राच्या भरतीचे पाणी किनाऱ्याच्या खडकावर भार टाकून त्यास दाबते, तोही परिणाम वेगळा मोजावा लागतो. किनाऱ्यापासून आत तो कमी होत जातो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नियतकालिक दोष पुष्कळ निरीक्षणांच्या सरासरीत नाहीसा होतो, अशी सर्वसामान्य समजूत असते. परंतु वेध घेतले जातात ते चंद्र बराच वर आलेला असता. आणि नेमक्या त्याच वेळी जमीन चंद्राच्या दिशेने उचललेली असते. म्हणजे दोष प्रत्येक वेळी बहुधा एकाच बाजूस पडतो, आणि भूभरती हिशोबात न धरल्यास चंद्र सातत्याने जवळ भासतो. अशा ठिकाणी सरासरीवर विसंबून राहणे म्हणजे काटा सरकलेल्या तराजूवर शंभर वेळा तोलण्यासारखे आहे.

भरतीचा दुसरा परिणाम याहून गहन आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो, मुख्यतः समुद्राच्या घर्षणामुळे. हा पुढे गेलेला फुगवटा चंद्रास पुढे खेचतो; त्यामुळे चंद्राची कक्षा दरवर्षी सुमारे ३.८ सें. मी. विस्तारते आणि विस्तारलेल्या कक्षेत त्याची गती मंदावते. पन्नास वर्षांत अंतर वाढते ते जेमतेम दोन मीटर. परंतु गतीतील घट वर्षानुवर्षे साचत जाऊन चंद्र कक्षेत सुमारे सहा किलोमीटर मागे पडलेला असतो, कारण हा फरक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच भूभरतीच्या मानाने इतकी लहान वाटणारी ही वाढ निश्चितपणे मोजता आली.

खुद्द चंद्रही पृथ्वीच्या आकर्षणाने सुमारे १० सें. मी. विरूप होतो. या विरूपणास लागणाऱ्या विलंबावरून त्याच्या अंतरंगात ऊर्जेचा ऱ्हास कसा होतो हे कळते, आणि त्याचा गाभा द्रवरूप असल्याचा पुरावाही या मापनांतूनच मिळाला.

एवढ्या काटेकोरपणाचे प्रयोजन केवळ चंद्रापुरते नाही. पृथ्वी व चंद्र सूर्याकडे एकाच त्वरणाने पडतात काय, हा सापेक्षतावादाचा कस या निरीक्षणांवर पाहिला जातो. त्यांत फरक असता तर अंतरात अमावास्या-पौर्णिमेच्या क्रमाने बदलणारी एक लाट दिसली असती. आजपर्यंत ती दिसलेली नाही. परंतु भरतीच्या प्रतिमानातील लहानशी त्रुटीही तशाच कालावधीची छाया पाडू शकते. शिवाय नेमक्या अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास वेध घेणे कठीण असल्यामुळे त्या तिथींची निरीक्षणे फार विरळ राहिली. फ्रान्समधील ग्रास येथील वेधशाळेने २०१५ पासून अवरक्त किरण वापरण्यास आरंभ केला, तेव्हापासून ही उणीव बरीच भरून निघू लागली आहे.