जुना ट्रॅक्टर आणि पऱ्हाटी कापणारा स्लॅशर : जोडण्याआधी क्लच तपासा



कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात घरोघरी येतो. चिमट्याने उपटायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. म्हणून ट्रॅक्टरमागे स्लॅशर, म्हणजे आडवं फिरणारं पातं लावून पऱ्हाटी उभीच कापली जाते. या कामाला पुष्कळदा घरचा जुना, इंजिनकाम करून पुन्हा चालू केलेला ट्रॅक्टर जुंपतात. यात गैर काही नाही. मात्र जुन्या ट्रॅक्टरला स्लॅशर जोडला की एक असा धोका उभा राहतो, जो नांगर किंवा ट्रॉली ओढताना कधीच दिसत नाही. रेडिओवर बोलताना वेळ थोडा असतो, म्हणून तो या पत्रकात सविस्तर देत आहोत.

पऱ्हाटी वेळेवर का काढावी?

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचं काय केलं, ते आपण विसरलेलो नाही. हंगामाच्या शेवटी ही अळी उरलेल्या बोंडांत, सरकीत आणि पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात तिचे पतंग बाहेर येतात. म्हणूनच फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कापूस संपवा, असं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत आल्या आहेत. पऱ्हाटी पेटवली तर सेंद्रिय पदार्थ जळून जातो. धुऱ्यावर ढीग लावला तर अळीला घर मिळतं. बारीक करून मातीत गाडली तर जमिनीला खत होतं.

धोका कुठे आहे?

ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा जो दांडा असतो, त्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो. त्याची ठरलेली गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. स्लॅशरचा गिअरबॉक्स ही गती वाढवतो. पाच फुटी स्लॅशरचं पातं मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होतो. असं जड लोखंड एकदा फिरू लागलं की लगेच थांबत नाही.

आता जुन्या ट्रॅक्टरची रचना पाहा. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरना एकच क्लच असतो आणि पी.टी.ओ.ची फिरकी गिअरबॉक्समधूनच येते. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पी.टी.ओ. आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. मग फिरतं पातं उलट्या वाटेने शाफ्ट फिरवतं, शाफ्ट गिअरबॉक्स फिरवतो आणि गिअरबॉक्स चाकं फिरवतो. चालकाचा पाय क्लचवर असतो, तरी ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. गिअर न्यूट्रलला काढू म्हटलं, तर तोही जोराखाली अडकून बसतो.

रोटाव्हेटरची सवय असलेला चालक इथेच फसतो. रोटाव्हेटर मातीत असतो, माती त्याला ताबडतोब थांबवते. स्लॅशरचं पातं हवेत मोकळं फिरतं, त्याला थांबवायला कोणी नसतं. आपल्याकडे वावरात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, नाल्याचे उभे काठ आहेत. धुऱ्याशी वळताना ट्रॅक्टर चार-सहा हात जास्त पुढे गेला, तर काय होईल ते सांगायला नको.

आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा?

नावावरून ठरवू नका. एकाच मॉडेलमध्ये एक क्लच आणि दोन क्लच असे दोन्ही प्रकार निघाले आहेत. शिवाय जुन्या ट्रॅक्टरमध्ये दुसऱ्या ट्रॅक्टरचे भाग बसवलेले असतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा ट्रॅक्टरचे भाग पुष्कळदा भंगारातून शोधावे लागतात, आणि मिस्त्रीने काय बसवलं ते मालकाला माहीत असेलच असं नाही. म्हणून स्वतः परीक्षा करा :

१. सपाट, मोकळ्या जागी, मागे कोणतंही अवजार न जोडता ट्रॅक्टर उभा करा.
२. पी.टी.ओ. चालू करून सर्वात हळू गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा. दुसऱ्या माणसाने बाजूने, चांगलं दहा-बारा हात दूर राहून पी.टी.ओ.च्या दांड्याकडे पाहावं.
३. क्लच अर्धा दाबा. ट्रॅक्टर थांबला आणि दांडा फिरतच राहिला, तर दोन क्लच आहेत.
४. ट्रॅक्टर आणि दांडा दोन्ही एकदम थांबले, तर ट्रॅक्टर एका क्लचचा आहे असं धरा. वर सांगितलेला धोका याच ट्रॅक्टरला आहे.

उपाय काय?

उपाय साधा आहे. पी.टी.ओ.च्या दांड्यावर एकाच दिशेने पकडणारी जोडणी, म्हणजे फ्रीव्हील, बसवावी. सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, अगदी तसंच हे काम करतं. इंजिन पात्याला फिरवतं, पण पातं ट्रॅक्टरला ढकलू शकत नाही. काही स्लॅशरच्या शाफ्टमध्येच ही सोय असते. नसेल तर वेगळी घ्या. पी.टी.ओ.चा दांडा कोणत्या मापाचा आहे ते पाहून, त्याच्या खाचा मोजून मगच घ्या.

ती बसवल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जोडणीमुळे लांबी वाढते. अवजार खाली-वर करून पाहा. शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण बसून दाटत असतील, तर शाफ्ट मापाने कापून घ्या, नाहीतर गिअरबॉक्स फुटेल. दुसरी, आता पात्याला ट्रॅक्टरचा अडसर उरत नाही, त्यामुळे पी.टी.ओ. बंद केल्यावर ते आधीपेक्षा जास्त वेळ फिरतं. ते पूर्ण थांबेपर्यंत सीटवरून उतरू नका.

वावरात जाण्याआधी

शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण आणि पी.टी.ओ.वरची टोपी जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा हरवलेली असते. ती आधी बसवा. सेकंदाला ९ फेरे घेणाऱ्या शाफ्टने लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा किंवा गळ्यातला दुपट्टा पकडला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

पात्यांचे बोल्ट रोज पाहा. एक पातं झिजलं तर जोडीनेच बदला, नाहीतर थरथर वाढते. शिअर बोल्ट तुटला तर त्याच प्रकारचा घाला. कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातला, तर बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो. स्लॅशरखाली हात घालायचा असेल तर इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा आणि खाली लाकडी ठोकळा लावा. जुन्या हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नका.

ट्रॅक्टरचा फेऱ्यांचा मीटर बंद असेल तर मिस्त्रीकडून पी.टी.ओ.ची गती एकदा मोजून घ्या आणि ५४० फेऱ्यांच्या जागी अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीवर रंगाची खूण करा. साधारणपणे २५ घोडशक्तीच्या ट्रॅक्टरला चार फुटी आणि ३५ घोडशक्तीच्या ट्रॅक्टरला पाच फुटी स्लॅशर पुरे. इंजिन थकलं असेल तर आणखी लहान घ्या.

काम करताना

मुरमाड, दगडगोट्यांच्या वावरात पातं जमिनीपासून चांगलं उंच ठेवा. मागच्या साखळ्या काढू नका, त्या उडणारे दगड अडवतात. शंभर मीटरच्या आत माणूस, मूल किंवा जनावर नको. मडगार्डवर कोणालाही बसवू नका. विहिरीच्या आणि नाल्याच्या कडेची तासं ट्रॅक्टरने कापू नका, ती हाताने उपटा. वळण्याआधीच गती कमी करा. सायलेन्सरजवळ साठलेला काडीकचरा मधूनमधून काढा, त्याने पेट घेतला तर ट्रॅक्टर आणि वावर दोन्ही जातात.

कापल्यावर काम संपत नाही

स्लॅशरचे तुकडे मोठे असतात, त्यात बोंडं अख्खी राहू शकतात. म्हणून कापण्याआधी उरलीसुरली बोंडं वेचून नष्ट करा. जमिनीत राहिलेलं खुंट ओलाव्यावर पुन्हा फुटतं, तेव्हा लगेच खोल नांगरणी करून खुंटं उपटून काढा आणि तुकडे गाडा.

थोडक्यात : आधी क्लचची परीक्षा, मग फ्रीव्हील, मग आवरण, आणि शेवटी पऱ्हाटी. शंका असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. हे पत्रक ट्रॅक्टर चालवणाऱ्याला अवश्य वाचून दाखवा, कारण मालक घरी असतो आणि सीटवर तो असतो.