विद्यार्थ्याची शिष्यवृत्ति आणि विद्यापीठाची चिप

गोंडपिपरी हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. येथील एखादी हुशार मुलगी चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंत गेली आणि तेथें तिनें चिप रचण्याचा अभ्यास आरंभिला, असें समजूं. रचलेली चिप कागदावर राहिली तर विद्या अर्धीच. ती प्रत्यक्ष घडली पाहिजे. तेव्हां घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनांत प्रश्न येतो कीं, चिप घडविण्याचा खर्च सवलतींत भागणार असेल, तर मुलीस मिळणारी शिष्यवृत्ति त्या सवलतीच्या आड तर येणार नाहीं? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं हें काम इतकें महाग कां, तें पाहिलें पाहिजे.

चिप म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर थरावर थर देऊन उमटविलेलें विजेच्या वाटांचें जाळें. पंजाबांत मोहाली येथें भारत सरकारची सेमिकंडक्टर लॅबोरेटरी आहे. तेथें १८० नॅनोमीटर मापाचें काम होतें. हें माप माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारें चारशेव्या हिश्शाएवढें भरतें. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत रचलेला व २०१९ मध्यें प्रसिद्धीस आलेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर येथेंच घडला. प्रत्येक थरासाठीं आकृति कोरलेली निराळी कांच लागते आणि अशा कांचांचा संच करविण्यास कित्येक लाख रुपये पडतात. मग चकतीवर एक आकृति काढा कीं पन्नास काढा, कांचांचा खर्च तोच. कुंभाराच्या आव्याचें असेंच आहे. एका गाडग्यासाठीं कोणी आवा लावीत नाहीं. पुष्कळ मडकीं एकत्र भाजलीं म्हणजेच सरपण परवडतें. याच न्यायानें अनेक विद्यापीठांच्या आकृति एकाच चकतीवर मांडण्याची युक्ति अमेरिकेंत निघाली, आणि १९८१ मध्यें 'मोसिस' नांवाची सेवा त्यासाठीं सुरू झाली.

सवलत आली कीं पात्रतेचा प्रश्न आलाच. मोसिसच्या शैक्षणिक योजनेंत वर्गांतील अध्यापनासाठीं करावयाची चिप आणि संशोधनासाठीं करावयाची चिप असा भेद केलेला होता. आणि संशोधनाच्या बाजूस, ज्या कामाला दुसरीकडून निधि मिळत नाहीं अशा कामास हात देण्याचा हेतु होता. ज्याच्या कामासाठीं पैसा मंजूर आहे त्यानें चिपचा खर्च त्यांतूनच करावा, हें न्याय्यच आहे. परंतु येथेंच घोटाळा उत्पन्न होतो. विद्यार्थ्याला पोटापुरतें वेतन मिळतें, एवढ्यावरून त्याच्या संशोधनाला निधि आहे असें म्हणावयाचें काय?

याचा उलगडा होण्यासाठीं पैशाच्या तीन पिशव्या निराळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली पिशवी विद्यार्थ्याच्या निर्वाहाची. पदव्युत्तर वर्गांतील 'गेट' उत्तीर्ण विद्यार्थ्यास मिळणारी दरमहा १२,४०० रुपयांची वृत्ति, किंवा १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेली दरमहा ३७,००० रुपयांची कनिष्ठ संशोधनवृत्ति, ही या पिशवींतली. तिच्यांत खोलीभाडें आणि जेवणखाण भागतें. संशोधनवृत्तीसोबत किरकोळ खर्चासाठीं जी रक्कम मिळते तींतूनही चिप घडणार नाहीं. दुसरी पिशवी प्राध्यापकाच्या मंजूर प्रकल्पाची. तींत साहित्य, साधनें आणि कांहीं वेळां चिपचा खर्चही धरलेला असतो. तिसरी पिशवी सरकारच्या सवलतीची. पहिली पिशवी भरलेली आहे म्हणून तिसरी नाकारणें हा अन्याय होईल. दुसरींत त्याच चिपसाठीं पैसा असतांना तिसरींतही हात घालणें हें गैर होईल.

भारतांत ही सवलत विद्यार्थ्याच्या नांवें मिळत नाहीं, संस्थेच्या नांवें मिळते. १९९८ पासून चिपविद्येच्या मनुष्यबळासाठीं केंद्र सरकारची योजना चालली. तिच्या पुढील टप्प्यांत नागपूरची संस्थाही होती. २०२२ मध्यें 'चिप्स टू स्टार्टअप' ही पांच वर्षांची, २५० कोटी रुपयांची योजना निघाली; ८५,००० अभियंते तयार करणें हा तिचा उद्देश. बंगळूर येथील सी-डॅक संस्थेंतील 'चिपइन' केंद्र रचनेची संगणकीय साधनें पुरवितें आणि निरनिराळ्या संस्थांच्या आकृति एकत्र करून घडविण्यास पाठवितें. म्हणून विद्यार्थिनीच्या वडिलांचें उत्पन्न किती, हा प्रश्न तिच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जावर असतो. चिपच्या दारावर तिची संस्था सहभागी आहे कीं नाहीं, हें पाहिलें जातें. दोन वृत्त्या एकाच वेळीं घेऊं नयेत, हा नियमही तिच्या वेतनापुरता आहे. तिच्या चिपपुरता नव्हे.

एक अपवाद मात्र ध्यानांत ठेवावा. एखादी खासगी कंपनी विद्यार्थ्याचें वेतन देत असेल आणि तयार होणाऱ्या रचनेवर हक्क सांगत असेल, तर तें काम व्यापारी ठरूं शकतें. शिक्षणासाठीं स्वस्तांत दिलेलीं साधनें व्यापारी कामास वापरतां येत नाहींत. युरोपांतील 'युरोप्रॅक्टिस' या सेवेंतही हीच अट आहे. असा करार असल्यास तो मार्गदर्शकापासून लपवूं नये.

तथापि शिष्यवृत्तीचा खरा परिणाम पात्रतेवर होत नसून मुदतीवर होतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिले सहा महिने वर्गांत जातात, रचनेस आणखी बरेच महिने लागतात, आणि आकृति पाठविल्यावर चिप घडून, आवेष्टनांत बसून परत येण्यास महिने लोटतात. एक खेप चुकली तर पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते. वृत्ति संपते, मुलगी नोकरीस लागते किंवा गांवीं परतते. आणि मग तिची चिप दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या मेजावर तपासली जाते. घरून पैसे आणूं शकणारा सहा महिने थांबतो. गोंडपिपरीच्या धानशेतकऱ्याच्या मुलीला तें साधत नाहीं.

म्हणून प्रवेशाच्या वेळींच तीन गोष्टी विचारून घ्याव्या. संस्था या योजनेंत सहभागी आहे काय? आकृति पाठविण्याची पुढील तारीख कोणती? आणि चिप परत येऊन तिची परीक्षा होईपर्यंत वृत्ति पुरेल काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आलें तरी सर्वच वाटा बंद होत नाहींत. २००८ पासून मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेची आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेची सूक्ष्म घडणीची प्रयोगशाळा बाहेरच्या संस्थांतील संशोधकांसाठीं सरकारी खर्चानें खुली करण्यांत आली. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र विद्यार्थिनीनें एकटीनें शोधावयाचें नाहीं. संस्थेनें आपल्या खेपेचें आणि विद्यार्थिनीच्या वृत्तीचें वेळापत्रक एकत्र मांडलें, आणि उरलेल्या चार-सहा महिन्यांची सोय प्रकल्पाच्या निधींतून केली, तर आपण रचलेल्या चिपमधून वीज वाहतांना ती मुलगी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं शकेल.