जुन्या नाण्याचे मोल

पुण्याच्या शनिवार पेठेत पेशव्यांचा शनिवारवाडा आहे. पेशवाईत बाजारात शिवराई चाले. शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असे लिहिलेले असते.

आज तिला भाव किती? जुने तेवढे महाग, असे नाही बरं का! शिवराया पुष्कळ पाडल्या, म्हणून साधी शिवराई स्वस्त. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन फार थोडा उरला, म्हणून तो मोलाचा.

अक्षरे स्पष्ट, तर भाव चांगला. म्हणून नाणे चिंचेने घासू नका. ते झिजते, भाव उतरतो.

नांगरताना पुरलेली नाणी सापडली, तर परस्पर विकू नका. ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावे लागते.