मानसरोगाची आधुनिक औषधे चालू असलेला रुग्ण : वैद्याची कर्तव्ये व मर्यादा

निद्रानाश, मलावष्टंभ, स्थौल्य अथवा अंगाची जडता यांसाठी आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी काहींना मानसोपचारतज्ज्ञांची औषधे पूर्वीपासून चालू असतात. काही जण ते आपण होऊन सांगतात, पुष्कळ जण संकोचाने लपवितात. विश्वास बसला की एक प्रश्न मात्र हमखास येतो : ‘वैद्यराज, त्या गोळ्या आता बंद केल्या तर चालतील ना?’ हा प्रश्न जितका चिकित्सेचा, तितकाच वैद्यकीय नीतीचाही आहे. त्याचे उत्तर सहजगत्या देणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

अधिकार कोणाचा?

आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे ही आयुर्वेदाला नवी गोष्ट नाही. गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा विषय येताच चरकाचार्यांनी तो धान्वंतर संप्रदायाच्या शल्यवैद्यांकडे सोपविला आहे. तसे करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 हा 29 मे 2018 पासून अमलात आला. ‘मनोविज्ञान व मानसरोग’ या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर वैद्यांना त्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 106 नुसार स्वतःच्या व्यवसायक्षेत्राला अधिकृत नसलेले औषध वा उपचार सुचविण्यास मनाई आहे. दुसऱ्याने दिलेले औषध थांबविण्याचा सल्ला हाही परिणामतः उपचारच होय. म्हणून ते औषध कमी करणे किंवा बंद करणे हा निर्णय ज्याने ते दिले त्याच्याशी विचारविनिमय करूनच व्हावा.

काळाचा चकवा

औषध एकाएकी सोडल्यास सर्वांत फसवी गोष्ट घडते ती काळाच्या बाबतीत. तोंडाचा कोरडेपणा, सुस्ती, मलावष्टंभ हे उपद्रव पुष्कळदा थोड्याच दिवसांत ओसरतात. रुग्ण हलका होतो व त्याचे श्रेय आपल्या काढ्याला मिळते. मूळ व्याधी मात्र कित्येकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटते आणि तेव्हा त्याचा संबंध थांबविलेल्या गोळीशी कोणी जोडत नाही. लिथियम अचानक थांबविल्यास उन्मादाची पुनरावृत्ती व आत्मघाताचा धोका वाढतो. झोपेसाठी वा चिंतेसाठी दीर्घकाळ घेतलेली डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात. अवसादावरील औषधे सोडताना चक्कर, अस्वस्थता व निद्रानाश होतो, आणि हीच लक्षणे रोगाची समजून भलतीच चिकित्सा होऊ शकते.

संयोगातील धोके

आपली औषधे व कर्मे सौम्य आहेत, ती कशाच्याही जोडीला चालतात, ही समजूत सोडून दिली पाहिजे. काही ठळक उदाहरणे अशी :

1. लिथियम व शोधनकर्म : लिथियमची उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. वमन, विरेचन, तीव्र स्वेदन यांनी शरीरातील जल व लवण घटले, किंवा रुग्णास लवणवर्ज्य पथ्यावर ठेवले, तर रक्तातील लिथियम वाढते. हातांना मोठा कंप, उलट्या, अतिसार, तोल जाणे, अडखळते बोलणे व गुंगी ही त्याची विषलक्षणे होत. विरेचनाच्या दिवशी होणारा अतिसार हा कर्माचा वेग की विषलक्षण, हे ओळखणे तेव्हा अवघड होते.

2. डायसल्फिराम व आसवारिष्टे : मद्यमुक्तीसाठी हे औषध घेणाऱ्यास अश्वगंधारिष्ट वा सारस्वतारिष्ट दिल्यास त्यातील स्वयंजनित मद्यार्काने तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते. शेवटच्या मात्रेनंतर सुमारे दोन आठवडे हा धोका टिकतो.

3. सर्पगंधा : कोलकात्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली हिचा उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील उपयोग मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख 1949 साली प्रसिद्ध झाला. 1952 साली वेगळे काढलेले रिसर्पिन मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिता करते. म्हणून अवसादाच्या रुग्णास केवळ झोपेसाठी सर्पगंधा देणे अनुचित आहे.

4. कपिकच्छू : हिच्या बीजांत लेव्होडोपा असते. भ्रम-भास असलेल्या रुग्णात ती लक्षणे वाढवू शकते व चालू औषधाच्या विरुद्ध जाऊ शकते.

5. जटामांसी, तगर, अश्वगंधा : शामक औषधांबरोबर घेतल्यास गुंगी वाढण्याचा संभव असतो. वृद्धांत पडण्याचा व वाहनचालकांत अपघाताचा विचार आधी करावा.

संमती व गोपनीयता

‘त्याच्या नकळत दुधातून देण्याजोगे चूर्ण द्या’ अशी नातेवाइकांची विनवणी सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांची व्यथा खरी असते. तथापि लपवून दिलेल्या औषधाची मात्रा, संयोग व परिणाम यांवर कोणाचेच लक्ष राहत नाही आणि उघडकीस आल्यावर रुग्णाचा घरच्या अन्नावरचाही विश्वास उडतो. अशा वेळी चूर्ण न देता नातेवाइकांना तज्ज्ञांकडे नेणे हेच कर्तव्य ठरते.

वैद्याने रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, हा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. 2017 च्या अधिनियमाचे कलम 23 रुग्णास गोपनीयतेचा हक्क देते. म्हणून तज्ज्ञास पत्र लिहिण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी. पत्र थोडके असावे : रुग्णाची तक्रार, आपले नियोजित औषध वा कर्म, आणि मात्रेविषयी पृच्छा. वजन वाढले, सुस्ती येते, दांपत्यसुख हरपले, या तक्रारी क्षुल्लक मानू नयेत. बहुधा त्यांच्यामुळेच रुग्ण गोळ्या सोडावयास निघालेला असतो. त्या तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे हेही साह्यच आहे. रुग्णाने आत्मघाताचा विचार बोलून दाखविल्यास त्याला एकटे सोडू नये. नातेवाइकांस बोलावून तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे. 2022 पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधालयांसाठी

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. जुन्या चिठ्ठीवर पुनःपुन्हा गोळ्या देणे जितके गैर, तितकेच ‘त्या सोडा, ही वटी घ्या’ असे गल्ल्यावरून सांगणेही गैर. उन्माद वा अपस्मार बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार निषिद्ध आहे, हेही विसरू नये.

सारांश, प्रत्येक नव्या रुग्णपत्रकात ‘चालू असलेली इतर औषधे’ हा रकाना असावा आणि तो गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष पाहून भरावा. पथ्य, दिनचर्या, निद्रा व सत्त्वावजय यांद्वारे आपल्याला रुग्णासाठी पुष्कळ करता येते. ते चालू औषधाच्या जोडीने, सर्वांच्या माहितीत करावे. त्यातच रुग्णाचे हित आहे आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठाही.