शनीच्या दारात एक वॉटची ऊब

शनीवर पोचणारं ऊन आपल्या उन्हाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकं असतं. कॅसिनी यान आखलं जात होतं तेव्हाचे सौरघट वापरायचे ठरवले असते, तर पत्रे एवढे मोठे आणि जड झाले असते की ते उडवायला रॉकेटच सापडलं नसतं. शनीबद्दल लिहिताना सगळे कड्यांपासून सुरुवात करतात. मला मात्र वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचं वेड आहे: त्या काळोख्या थंडीत हे यान तेरा वर्षं जागं कसं राहिलं?

इतिहास उरकून घेतो. 1979 मध्ये पायोनियर 11 शनीजवळून गेलं, 1980 आणि 1981 मध्ये दोन्ही व्हॉयेजर गेली. 15 ऑक्टोबर 1997 ला कॅसिनी निघालं, शुक्र, पृथ्वी आणि गुरू यांच्याकडून वेग घेत 2004 मध्ये शनीभोवती फिरू लागलं आणि 15 सप्टेंबर 2017 ला शनीच्याच वातावरणात जळून संपलं.

आता वीज. आमच्या उमरोळीच्या माणसाला अणुवीज सांगावी लागत नाही. स्टेशनवरून डहाणूकडची गाडी पकडली की पुढचंच स्टेशन बोईसर, आणि तिथून पश्चिमेला समुद्रकाठी तारापूरचं केंद्र, 1969 पासून चालू. केंद्राच्या कॉलनीत कुणी ना कुणी ओळखीचं असतंच. त्यामुळे गावात दुर्बीण लावून पोरांना शनी दाखवला की प्रश्न ठरलेला: ‘काका, यानात पण तारापूरसारखी भट्टी होती का?’

नव्हती. तारापूरला युरेनियमचे अणू फोडून पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर टर्बाईन फिरवतात. कॅसिनीवर काहीच फोडायचं नव्हतं. प्लुटोनियम-238 हा पदार्थ आपोआप क्षय पावतो. त्यातून सुटलेले अल्फा कण जागच्या जागी अडकतात आणि तो गोळा सतत गरम राहतो. बॉम्बसाठी वापरतात ते प्लुटोनियम-239 वेगळं. 238 चं अर्धायुष्य 87.7 वर्षं, म्हणजे वीस वर्षांच्या मोहिमेत ऊब हळूहळूच घटते. कॅसिनीच्या तीन जनित्रांत मिळून सुमारे 33 किलो प्लुटोनियम डायऑक्साइड होतं. त्याची उष्णता तेरा किलोवॉटच्या घरात, पण थर्मोकपलमधून, म्हणजे उष्णतेची थेट वीज करणाऱ्या जोडांतून, वीज निघायची सुरुवातीला 885 वॉटच्या आसपास. बाकीची बहुतेक उष्णता अवकाशात जायची. मात्र एकही चाक नाही, पातं नाही, वंगण नाही. जिथे दुरुस्तीला कुणी जाणार नाही, तिथे माझ्या मते याहून शहाणं यंत्र नाही.

एवढ्याशा विजेवर बारा उपकरणं चालवायची म्हणजे पाळ्या लावाव्याच लागत. त्यात चार मीटरचा अँटेना यानाला घट्ट बसवलेला, त्यामुळे शनीच्या एखाद्या चंद्राकडे पाहायचं झालं की पृथ्वीशी बोलणं बंद. मग अख्खं यान वळवून आपल्याकडे तोंड करायचं आणि साठवलेलं सगळं पाठवायचं. प्रक्षेपक 20 वॉटचा, आपल्या ओटीवरच्या एलईडी ट्यूबएवढा. त्यावर शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवातून उडणारी वाफ आणि बर्फाचे कण यांची बातमी आली. 28 ऑक्टोबर 2015 ला यान त्या फवाऱ्यातून, पृष्ठभागापासून अवघ्या 49 किलोमीटरवरून गेलं. त्या मोजमापांत हायड्रोजन वायू मिळाला. बर्फाखालच्या समुद्राच्या तळाशी गरम खडक आणि पाणी यांची गाठ पडत असावी, याची ती खूण.

पण माझा जीव जडलाय तो आणखी लहान वस्तूवर. कॅसिनी आणि त्याच्या पाठीवरचं हॉयगेन्स यान मिळून 117 छोटे उष्णक होते. प्रत्येकात फक्त 2.7 ग्रॅम प्लुटोनियम डायऑक्साइड आणि ऊब फक्त एक वॉट. त्यांची वीज करत नाहीत. ऊब थेट यंत्राला द्यायची. हॉयगेन्सवर असे 35 होते. 2004 च्या नाताळात ते कॅसिनीपासून सुटलं आणि तीन आठवडे एकटं, झोपलेलं गेलं. घड्याळ तेवढं चालू. बॅटरी उतरण्यासाठी राखून ठेवायची, म्हणून थंडीपासून बचाव मुख्यतः या उष्णकांवर. 14 जानेवारी 2005 ला छत्रीवर अडीच तास उतरत ते शनीच्या टायटन या चंद्राच्या उणे 179 अंशांच्या जमिनीवर टेकलं आणि तिथूनही तासाभराहून जास्त बोलत राहिलं. चित्रात गुळगुळीत गोटे दिसले. बर्फाचे गोटे, द्रव मिथेनच्या प्रवाहात घासून गोल झालेले.

असाच एक वॉटचा उष्णक आपल्याकडेही झाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बनवलेले दोन उष्णक 2023 मध्ये चांद्रयान-3 च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर बसवून पाठवले गेले. लँडरवर ते नव्हते. चंद्राची रात्र झाली, लँडर विक्रम आणि रोव्हर प्रज्ञान झोपले ते उठले नाहीत. भारताचं चंद्रावरचं पहिलं अलगद अवतरण म्हणून त्या मोहिमेचं कौतुक झालं ते योग्यच. पण या दोन उष्णकांवर मराठीत पानभर मजकूर यायला हवा होता.

प्लुटोनियमची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आपत्कालीन सराव पाहत वाढलेल्या तारापूरच्या या पट्ट्यात ते कुणालाच जमणार नाही. 1964 मध्ये एक अमेरिकन उपग्रह कक्षेत पोचला नाही आणि त्यातलं प्लुटोनियम वातावरणात जळून पसरलं. त्यानंतर रचना बदलली: न जळता शाबूत राहील असं सिरॅमिक इंधन, इरिडियमचं कवच, वर ग्रॅफाइटचं वेष्टण. कॅसिनी 1999 मध्ये पृथ्वीजवळून 1,171 किलोमीटरवरून जाणार, म्हणून निदर्शनं झाली. निदर्शकांचे प्रश्न बरोबर होते आणि अभियंत्यांची उत्तरंही.

कॅसिनीचा शेवट आला तो या उबेच्या अभावी नव्हे. जनित्रं अजून सहाशेच्या घरात वॉट देत होती. संपत आलं होतं ते दिशा बदलायचं इंधन. ताबा सुटलेलं यान कधीतरी एन्सेलाडसवर आदळलं असतं, तर पृथ्वीवरचे जंतू आणि बर्फ वितळवणारी ही ऊब एकाच वेळी तिथे पोचली असती. तो धोका नको म्हणून त्याला शनीत लोटलं. शेवटचा संकेत कॅनबेराच्या अँटेनाला मिळाला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे 5 वाजून 25 मिनिटं झाली होती.

पुढची पाळी ड्रॅगनफ्लायची: 2028 मध्ये उड्डाण, 2034 मध्ये टायटन. हे पंख्यांवर उडणारं यान. त्याच्या जनित्राची वीज उडायला पुरणार नाही, म्हणून टायटनच्या आठ पृथ्वी-दिवसांच्या रात्रीत बॅटरी भरत बसायचं आणि उजाडल्यावर झेप घ्यायची. जनित्राची वाया जाणारी उष्णता या वेळी यानाच्या पोटात फिरवून आतली यंत्रं उबदार ठेवणार आहेत.