विलीनीकरणापूर्वी हिशेब मागावा तो कसा?

आपल्या संस्थेचा जमाखर्च वार्षिक सभेपुढे वाचला जातो आणि एखादी रक्कम न कळल्यास सभासद उठून विचारतो. त्यात कोणास वावगे वाटत नाही. तोच सभासद एखाद्या कंपनीचा भागधारक असला, तर तिच्याकडून आलेले जाडजूड पाकीट मात्र न फोडताच कपाटात ठेवतो. विलीनीकरणाच्या वेळी ही सवय महाग पडते, म्हणून हे टिपण.

उदाहरण घरचेच घेऊ. १९५४ साली स्थापन झालेली सेसा गोवा कंपनी डिचोली तालुक्यात साखळीची खाण आणि आमोण्याचा लोखंडाचा कारखाना यांमुळे घरोघर ठाऊक. पेडण्यात तिची खाण नव्हती. पण भाग कोणीही कोठेही बाळगतो. २००७ साली कंपनीची सूत्रे वेदांत समूहाकडे गेली. २५ फेब्रुवारी २०१२ रोजी स्टरलाइट इंडस्ट्रीज तीत विलीन करण्याची योजना जाहीर झाली. स्टरलाइटच्या पाच भागांस सेसाचे तीन, असे प्रमाण ठरले. त्याच योजनेत केर्न इंडियाचे सुमारे ३८.८ टक्के भाग समूहाच्या लंडनच्या कंपनीकडून सेसाकडे यावयाचे होते. किंमत एक डॉलर! मात्र त्या भागांबरोबर सुमारे ५९० कोटी डॉलरचे कर्जही यावयाचे होते. केवळ किमतीचा आकडा वाचणारा आणि कर्जाचा आकडाही वाचणारा, हे दोघे एकाच योजनेबद्दल दोन भिन्न मते बनवतील.

जून २०१२ मध्ये भागधारकांनी मंजुरी दिली. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्य सरकार व सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांनी गोव्याच्या खाणी बंद पडल्या. तरीही एप्रिल २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने योजना संमत केली आणि ऑगस्टमध्ये ती अमलात आली. मत दिले तेव्हाचा धंदा आणि योजना पार पडली तेव्हाचा धंदा यांत केवढे अंतर! अशा वेळी ताजे आकडे मागणे हा आगाऊपणा नव्हे, असे आमचे मत आहे.

आता मतांचे गणित पाहू. योजना संमत होण्यास मत देणाऱ्यांपैकी संख्येने बहुसंख्य माणसे हवीत, शिवाय त्यांच्या भागांचे मूल्य पाऊण हिस्सा हवे. समजा शंभर भाग आहेत आणि त्यांपैकी पंचावन्न प्रवर्तकांचे. सर्वांनी मत दिले तर प्रवर्तकांना आणखी वीस भागांची मनधरणी करावी लागेल. पण सत्तरच भागांची मते पडली, तर साडेबावन्न पुरतात आणि मूल्यापुरते प्रवर्तकांचे काम परस्पर होते. घरी बसलेला भागधारक तटस्थ राहतो असे नव्हे. तो नकळत त्यांचे पारडे जड करतो. उलट माणसांच्या मोजणीत दहा भागांचा धनी व दहा लाख भागांचा धनी सारखेच. आमच्या शाळेत हे गणित सहावीचे मूलही सोडवील.

१९९६ साली मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यापारी शहाणपण न्यायालय तोलणार नाही. पण मतदारांपुढे आवश्यक माहिती ठेवली होती की नाही हे जरूर पाहील. २०१३ च्या कायद्याने सूचनेबरोबर मूल्यांकनाचा अहवाल देणे सक्तीचे केले. मात्र त्याच कायद्याने योजनेस हरकत घेण्यासाठी भागधारकांपाशी किमान दहा टक्के भाग हवेत असे ठरवले. एकट्यादुकट्याचे तेथे काय चालणार? म्हणून विचारायचे ते सभेपूर्वी, लेखी आणि चारचौघांनी मिळून विचारावे. समूहातील कंपन्यांना कर्जे किती दिली, चौकशा कोणत्या चालू आहेत, भागांचे प्रमाण कशावरून काढले, हे तरी विचारावेच. ज्या लहान कंपनीचे भाग बाजारात विकले जात नाहीत, तेथे तर मूल्यांकनाच्या कागदावाचून दुसरा आधारच नाही. पराया पैसा ही अमानत, हे आपल्या घरांतून शिकवले जाते. कंपनीच्या चालकांनाही ते लागू आहे.

विचारल्याने फळ मिळते काय? केर्न इंडियाने समूहातील कंपनीस १२५ कोटी डॉलर कर्ज दिल्याचे २०१४ साली उघड झाले आणि तिचे भागधारक बिथरले. पुढल्या वर्षी तिच्याही विलीनीकरणाची योजना आली. प्रत्येक भागास वेदांतचा एक भाग व एक अग्रहक्क भाग, असा तो देकार होता. अल्पसंख्य भागधारक राजी होईनात. जुलै २०१६ मध्ये एका अग्रहक्क भागाचे चार झाले, आणि २०१७ साली ते विलीनीकरण पार पडले.