बदलाची खबर कोणी द्यावी?



कारखाना म्हटला की बदल आलाच. यंत्र बदलते, पाळी बदलते, साहेब बदलतो. आणि हल्ली तर कंपनीची पाटीच बदलते. बदल चांगला की वाईट हा आजचा विषय नव्हे. त्याची खबर कामगारापर्यंत कशी पोचते, एवढेच पाहावयाचे आहे. मुद्दा लहान दिसतो. पण पुष्कळ तंटे त्यातूनच उपजतात.

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या, २००३ च्या वीज कायद्यानुसार, ६ जून २००५ रोजी चार कंपन्या झाल्या : सूत्रधारी, महानिर्मिती, महापारेषण व महावितरण. म्हणजे अकोला जिल्ह्यात पारसला वीज निर्माण करणारा एका कंपनीचा, ती मोठ्या तारांवरून आणणारा दुसरीचा, आणि अमरावतीच्या गल्लीत खांबावर चढणारा तिसरीचा नोकर झाला. काल जे एका घरचे होते, त्यांची तीन बिऱ्हाडे झाली. पुढे खाजगीकरणाच्या शंकेने ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचारी ७२ तासांच्या संपावर गेले. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी खाजगीकरणाचा विचार नाही असे समोर बसून सांगितले व संप मिटला. जे संपाच्या दिवशी सांगता आले, ते तितक्याच स्पष्टपणे आधी सांगता आले नसते काय?

असे का होते? परिपत्रक मुंबईहून निघते. परिमंडळ, मंडळ, विभाग, उपविभाग अशा पायऱ्या उतरत शाखेत येते. प्रत्येक पायरीवर त्याचा अर्थ थोडा गळतो. अफवेला मात्र पायऱ्या नसतात. ती चहाच्या टपरीवरून निघते आणि आता तर मोबाईलवर क्षणात पोचते. शिवाय परिपत्रक कंपनीविषयी बोलते, तर कामगार स्वतःविषयी विचारतो : माझा पगार तोच राहील का? बदली कुठे होईल? जुनी नोकरी धरली जाईल का? याचे उत्तर कागदात नसले, म्हणजे ते अफवाच देते.

कायद्याने हे ओळखले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या कलम ४० मध्येही तेच तत्त्व आहे. पगार, भत्ते, कामाचे तास, पाळ्या, रजा अशा बाबतींत बदल करावयाचा तर, काही अपवाद सोडून, कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावे लागते. पण नोटीस फळ्यावर लावली म्हणजे ती समजली असे नव्हे. कायदा मुदत देतो. समजूत आपल्यालाच घालावी लागते.

समजूत कशी घालावी, हे आपल्या लाईनमनला ठाऊक आहे. दुरुस्तीपूर्वी तो उपकेंद्रातून परमिट घेतो. कोणती लाईन, कोणी बंद केली, कोण काम करणार, हे लेखी असते. काम आटोपून परमिट परत आल्याशिवाय यंत्रचालक लाईन सुरू करीत नाही. ‘सांगितले होते’ एवढ्यावर तेथे भागत नाही. समोरच्याला कळले याची खात्री करावी लागते. कारण चुकलेल्या निरोपाची किंमत तेथे माणसाचा प्राण असते.

हाच नियम बदलाच्या खबरेला लावा. कागद मराठीत असावा, त्याखाली जबाबदार माणसाची सही असावी. प्रत्येक पाळीसमोर तो वाचावा, प्रश्न लिहून घ्यावेत, आणि ठरल्या दिवशी उत्तरे द्यावीत. ‘अजून ठरलेले नाही’ हेही उत्तरच आहे. मौन हे उत्तर नव्हे. ठेकेदाराकडच्या कामगाराला त्यातून वगळू नये. विजेचा धक्का हजेरीपट पाहून बसत नाही.

आणि संघटनेनेही हे पथ्य पाळावे. गेटवर ऐकीव बातमी सांगून टाळ्या मिळतात, विश्वास मिळत नाही. आधी कागद मागावा, वाचावा, मग बोलावे. मालकाने खबर लपवू नये आणि आपण ती फुगवू नये. एवढे झाले तर बदलाशी भांडावयाचे की नाही, हे कामगार स्वतःच्या बुद्धीने ठरवू शकेल. आणि तो त्याचा हक्क आहे.